शेवंतीच्या गळ्यातली सुतळी

मित्रांनो, मी एक म्हातारी कुत्री आहे. नाव शेवंती. मखमलाबादला चांगुणाबाईंच्या फुलांच्या मळ्यात मी राहते. आज कुणीही माझ्या पाठीवरून हात फिरवतं. पण एकेकाळी माणसाचा हात दिसला तरी मी कोपऱ्यात दडायची.

मी पिल्लू असताना कुणीतरी माझ्या गळ्यात सुतळी बांधली आणि ती सोडायची राहून गेली. मी वाढले, सुतळी तेवढीच राहिली. ती कातडीत रुतली. भाजीबाजारात मी पडून असायची. जो जवळ येई तो हाकलायलाच. १९९८च्या उन्हाळ्यात चांगुणाबाईंच्या यजमानांनी, देवरामांनी, मला पोत्यात घालून घरी आणलं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "सुतळी आठवडाभरात कापायलाच हवी. पण ही फार अशक्त आहे, भूल सोसणार नाही. झटापट झाली तर सुतळी आणखी आत जाईल."

"मग काय करायचं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"तिनं आपणहून मान द्यायला हवी."

दुसऱ्या दिवसापासून चांगुणाबाई गोठ्यात माझ्याकडे पाठ करून बसू लागल्या. शेजारी दुधात कुस्करलेली भाकरी आणि जमिनीवर टेकवलेला उघडा हात. तो हात जरासुद्धा हलत नसे. तिसऱ्या दिवशी मी तो हुंगला. चौथ्या दिवशी त्यांनी एका बोटानं माझ्या छातीला स्पर्श केला आणि मी अंग चोरण्याआधीच बोट मागे घेतलं.

पाचव्या दिवशी बाहेर बादली आदळली. मी दचकले आणि त्याच हाताला कडकडून चावले. रक्त आलं. आता काठी बसणार, म्हणून मी कोपऱ्यात डोळे मिटून घेतले.

देवराम धावत आले. "लय झालं! दोघं मिळून धरू अन् कापून टाकू."

"नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "ती भ्याली, एवढंच. आज धरली तर परत जवळ यायची नाय."

साबणानं हात धुऊन त्या सुई घ्यायला दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला पट्टी बांधून पुन्हा गोठ्यात आल्या, पाठ करून बसल्या आणि दुसरा हात जमिनीवर ठेवला.

मी कितीतरी वेळ त्या हाताकडे पाहत राहिले. मग सरपटत गेले आणि त्यावर हनुवटी टेकवली.

सातव्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हाही मी हनुवटी त्यांच्या हातावरच टेकवली होती. कात्री गार लागली. दुखलंही फार. पण मी हलले नाही.

"सुटली गं बाई!" म्हणत चांगुणाबाई रडायलाच लागल्या. दारातले देवराम हळूच आत आले, खाली बसले आणि त्यांनीही आपला हात जमिनीवर ठेवला.

मित्रांनो, त्याला आता अकरा वर्षं झाली. तुम्हाला कुठं भेदरलेलं कुत्रं भेटलं, तर त्याच्या डोक्याकडे वरून हात नेऊ नका. थोडं लांब बसा. त्याला येऊ द्या. नाहीच आलं, तर रागावू नका. उद्या पुन्हा जाऊन बसा.