करवर्ग पाच

करवर्गाच्या अर्जावर सही केली त्या दिवशीचा हिशेब असा होता: फोल्कमारच्या हातात दरमहा चारशे तीस युरो जास्त, त्याच्या बायकोच्या, गुंडुलाच्या हातात तीनशे वीस कमी; घराला एकशे दहाचा नफा. दोघांनी सारख्याच चारमध्ये राहण्याऐवजी नवऱ्याने करवर्ग तीन घ्यायचा, बायकोने पाच; त्याच्या पगारातून कर कमी कापतात, तिच्या पगारातून जास्त. जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या त्या जिन्यावरची तिन्ही बिऱ्हाडं हेच करत होती.

"अगं, पैसा शेवटी एकाच घरात येतो ना?" फोल्कमार म्हणाला होता.

येत होता, फक्त फोल्कमारच्या खात्यात. अकरा वर्षं गुंडुला थंडीचे बूटसुद्धा त्याला विचारून घेत आली, आणि तो "मागच्या वर्षीच्यांना काय धाड भरली?" म्हणत आला.

शेवटी तिने गुपचूप एक बाल्कनीची खोली ठरवली. भाडं पाचशे ऐंशी. चष्म्याच्या दुकानातल्या पगारात ओढूनताणून बसत होतं. जूनमध्ये किल्ली मिळायची होती. मे महिन्यात दुकानच बंद पडलं.

बेकारभत्त्याच्या कचेरीतल्या बाईंनी आकडा काढला. "महिना हजार वीस."

"एवढेच? माझा पगार तीन हजार होता हो!"

"कापून हातात येतो त्याच्या साठ टक्के भत्ता. तुम्ही पाचमध्ये."

"मग आज चारमध्ये टाका."

"जानेवारीत होता तोच वर्ग धरायचा. तेव्हा बदलला असतात तर दरमहा एकशे नव्वद जास्त मिळाले असते." बाईंनी आवाज उतरवला. "या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या. चारही बायकाच."

घरमालकिणीने फोनवर आकडा ऐकला आणि खोली दुसऱ्याला दिली.

घरी फोल्कमार शतावरीचे कोंब सोलत होता. टेबलावर करखात्याचं पत्र उघडं पडलं होतं: तेराशे वीस भरा.

"हे काय?"

"दर वर्षीचंच. वर्षअखेरी दोघांचा मिळून कर मोजतात आणि कमी कापलेला मागून घेतात."

गुंडुलाने मनातल्या मनात एकशे दहाला बाराने गुणलं. "मग नफा कसला?"

"महिन्याच्या महिन्याला पैसा हातात राहतो ना!"

"कोणाच्या?"

"आता वाद नको. माझा पगार आहे की. बस, जेव."

ती बसली. जायला दुसरी जागा नव्हती. सरकारला त्याचा कर पुरा मिळाला होता, घराला काही उरलं नव्हतं, फोल्कमारचं काही गेलं नव्हतं. अकरा वर्षं दरमहा तीनशे वीस, यापुढे एकशे नव्वद, आणि एक बाल्कनी: भरणारी एकटी गुंडुला.