गारव्याचं सोंग

"कसला वास येतोय रे?" मागच्या सीटवरून बाईंनी विचारलं आणि ड्रायव्हरनं आरशातली नजर झटकन रस्त्याकडे वळवली.

"अत्तर आहे बाई. नवीन आणलंय."

"अत्तराच्या खालून येतोय, तो विचारतेय मी. ओल्या पायपुसण्यासारखा."

ऐकलंच नाही असं दाखवून त्यानं रेडिओ मोठा केला. त्यालाही कारण होतं. एसी लावला की बॉनेटखालून डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट व्हायचा, तो गाण्यात बुडून जायचा. डावीकडच्या सीटपुढे पाणी ठिबकायचं, तिथे घरचा जुना टॉवेल अंथरला होता. आणि जाळीतून येणारी हवा? तिला गार म्हणायचं तर उकळत्या चहाला सरबत म्हणायला काय हरकत आहे! एसी आजारी आहे हे कळायला मेकॅनिक लागत नाही, नाक-कान शाबूत असले की पुरे. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं.

कबूल करायची चोरी होती ती बाईंच्या मुलामुळे. गाडीचं सगळं तोच बघायचा. मागे ब्रेकचं काम निघालं तेव्हा त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "काका, आता हिचं आणखी काही निघालं ना, तर सरळ विकून टाकू. आईला फोनवरून टॅक्सी मागवता येईल." गाडी गेली की ड्रायव्हरही गेलाच. साठी उलटलेल्या माणसाला नवं काम कोण देतं?

"अहो, सांगून टाका एकदाचं," बायको म्हणायची.

"सांगतो. मग दिवसभर मला घरात सहन करशील?"

यावर ती भाजी निवडायला लागायची.

नशीब एवढंच की बाईंना उकडत नव्हतं. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय ऐंशीच्या घरात. बाहेर डांबर चपलेला चिकटत असलं तरी बाई गाडीत बसल्या की पिशवीतली लोकरीची शाल काढून अंगभर लपेटायच्या. वर म्हणायच्या, "किती गार केलंयस रे!" म्हातारपणी रक्तच गार होत असेल, ड्रायव्हर मनाशी म्हणायचा, देवच पावला म्हणायचा.

आठवड्यातून दोनदा त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या बहिणीकडे जायच्या. बहीण अंथरुणाला खिळलेली, घर तिसऱ्या मजल्यावर. तो जिना बाई ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून चढायच्या.

एका दुपारी त्यानं गाडी बाहेर काढली, तर फाटकात मुलगा उभा. "काका, मीही येतो मावशीकडे. माझी गाडी सर्व्हिसिंगला गेलीय." आणि तो नेमका ड्रायव्हरशेजारी, टॉवेलावर पाय ठेवून बसला. ड्रायव्हरची पाचावर धारण बसली.

चौक ओलांडायच्या आत मुलानं कॉलर सैल केली. "एसी लावलाय ना?"

"लावलाय की, दादा."

"मग रेडिओ जरा कमी करा." रेडिओ कमी झाला. "हे काय वाजतंय?"

"रस्ता खराब आहे हो."

रस्ता आरशासारखा गुळगुळीत होता. मुलानं पाय हलवला, टॉवेल पचकन वाजला. त्यानं आधी बुटाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे.

सगळी सोंगं आणता येतात, पण गारव्याचं आणता येत नाही. ड्रायव्हरनं मनातल्या मनात स्टिअरिंगचा निरोप घेतला. "दादा, खरं सांगायचं तर..."

"अरे, कमी कर की तो एसी!" मागून बाई कडाडल्या. याच आवाजानं एके काळी शाळेचं अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं. "हाडं गोठली माझी!"

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. शाल हनुवटीपर्यंत ओढलेली. कपाळावरून निघालेली घामाची धार नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबली होती आणि बाई ती पुसत नव्हत्या. पुसली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हा सगळा उन्हाळा बाई... त्यानं निमूटपणे एसीचं बटण खाली फिरवलं.

मुलानं मागे वळून आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचा स्वतःचा शर्ट पाठीला चिकटला होता. मग तो पुढे तोंड करून बसला आणि त्यानं स्वतःच रेडिओ पुन्हा मोठा केला.

उतरताना म्हणाला, "काका, उद्या एसी दाखवून आणा."

"आणि गाडी?" ड्रायव्हरच्या तोंडून निघूनच गेलं.

"गाडीला काय झालंय? आईला थंडी फार वाजते, तेवढं बघून घ्या." आणि तो जिना चढून गेला.

त्याची पावलं वर ऐकू येईनाशी झाली तशी बाईंनी शाल ओरबाडून काढली. "मेले रे बाबा उकडून!"

"बाई, तुम्ही कधीपासून..."

"तुझ्या अत्तरापासून," बाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "टॅक्सीवाला काय मला तीन जिने चढवणार होता? घे, वाळत घाल ही."

शाल चिंब भिजली होती. त्यानं ती बॉनेटवर नीट पसरली आणि येऊन खांदा पुढे केला.