पूर्ण एक मिनिट

"डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय. फक्त बघा," गीतांजली मॅडम म्हणाल्या. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या चाळीस मुलींनी शहाण्यासारखे डोळे मिटले. मागच्या बाकावर दोघी-तिघींना लगेच डुलकीही लागली. भावनाचे डोळे मात्र टक्क उघडे.

मिटले की तिला तो तक्ता दिसायचा. शुक्रवारी सकाळी वॉर्डातल्या आठही पेशंटच्या नावापुढे तिने मिनिटाला वीस श्वास लिहिले होते. नाडी मशीनने सांगितली, ताप थर्मामीटरने. श्वास मोजायला मात्र मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि तेवढी सवड कुणाला असते? सगळ्याच मुली वीस लिहून मोकळ्या होत. दुपारी त्या आठांतल्या सुमित्राबाईंना धाप लागली आणि त्यांना आयसीयूत हलवावं लागलं. त्या वाचल्या. भावनाला कुणी काही विचारलं नाही, आणि तेच तिला खात होतं.

क्लास संपल्यावर ती मॅडमपाशी घुटमळली.

"मॅडम, सुमित्राबाईंचे श्वास मी मोजलेच नव्हते. अंदाजे वीस टाकले."

मॅडम रागावल्या नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. "आधी स्वतःचे मोज. पूर्ण एक मिनिट."

काटा काही केल्या पुढे सरकेना. "बाप रे! मिनिट एवढं मोठं असतं?"

"असतं. आता सिस्टरना जाऊन सांग. येऊ सोबत?"

"नको. मी सांगते."

वॉर्डच्या सिस्टरनी यथेच्छ खरडपट्टी काढली, वर लेखीही घेतलं. भावनाला हलकं वाटलं, खोटं कशाला बोला.

दोन दिवसांनी सुमित्राबाई वॉर्डात परतल्या. मासळीच्या टोपलीमागे जन्म काढलेली बाई, नजर अजून तशीच तिखट. श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून नाडी बघितल्याचं सोंग करायचं असतं. भावनाने त्यांचं मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली. अकरा, बारा...

"आज बरी थांबलीस गो," सुमित्राबाई म्हणाल्या. "त्या दिशी नुसती लिवून गेलीस. मी बघत व्हते."

"चुकलं माझं, मावशी."

"मंग आता हात सोडू नको."

बोलण्यात आकडा हुकला होता. भावनाने मनगट सोडलं नाही. सुमित्राबाईंनी डोळे मिटेपर्यंत ती थांबली आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.