नजलाची चौकशी

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. एकट्या बाईनं ते भाड्यानं घेऊन पाहावं, म्हणजे कळेल!

क्लिओपात्रा वस्तीतली ती जागा नजलाला पाहताक्षणी आवडली. तिसरा मजला, एकच खोली, आणि स्वयंपाकघर एवढं की मध्ये उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील. पण खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. नजलानं ती चार वेळा लावली नि काढली.

"आधी भाड्यानं कुठे राहत होतीस?" मालकीण हाज्जा इन्साफनं विचारलं.

"कुठेच नाही. भावाकडे असते, मुहर्रम बेक वस्तीत."

"वय काय तुझं?"

"त्रेचाळीस."

"अगं बाई! त्रेचाळीस वर्षांत एक घरमालक नाही? मग तू कशी आहेस हे मी विचारायचं कुणाला?"

नजलानं इस्पितळाचं पत्र पुढे केलं. सोळा वर्षं ती तिथे एक्स-रे काढत होती. हाज्जानं ते न वाचताच परत दिलं. "कागद नको दाखवूस मला. मागच्या भाडेकरूकडे चांगले तीन कागद होते. जाताना मेला न्हाणीघरातले नळ काढून घेऊन गेला. मी तुझ्या गल्लीत येऊन विचारीन. आणि मग शुक्रवारी घरी येऊन तुझ्या भावाच्या तोंडून ऐकेन, की त्याची ना नाही."

आता मला सांगा, काळ्या झग्यातली पोक्त बाई गल्लीत येते आणि बिनलग्नाच्या मुलीची चौकशी करते, ती कशासाठी? मुहर्रम बेकमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. इस्त्रीवाल्या शहाताकाकांनी नजलाचं वय तिथल्या तिथे सात वर्षांनी उतरवलं. समोरच्या उम्म हिशामनं तिच्या हातच्या भरल्या कोबीचं एवढं कौतुक केलं की हाज्जाला भूक लागली. "आणि स्वभावानं इतकी गरीब," उम्म हिशाम म्हणाली, "की घरात एकटीनं राहायलासुद्धा भिते बिचारी!" सगळ्यांनी जीव तोडून थापा मारल्या. गल्लीचं प्रेम होतं नजलावर, दुसरं काय.

नजला कामावरून परतली तेव्हा वहिनी सुहेर भुवया कोरायचा दोरा घेऊन दारातच उभी होती. भाऊ रिफअत कपाटातून सूट काढत होता, शीळ घालत. आई गेल्यापासून त्यानं शीळ घातलेली कुणी ऐकली नव्हती.

"अरे, कसली मागणी? ती बाई तर..."

"लाजतेस काय? सगळं कळलंय मला," रिफअत म्हणाला. "बाबा असते तर नाचले असते गं आज." आणि त्याचे डोळे भरून आले.

नजलानं सांगायला हवं होतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या चेहऱ्यावर पाणी कसं ओतायचं? ती गप्प बसली आणि तिथेच फसली.

बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर ती एकोणीस वर्षं झोपत होती. टीव्ही बंद झाला की तिची रात्र व्हायची, कुणी पाणी प्यायला उठलं की तिची झोप संपायची. त्या आठवड्यात इस्पितळात लोकांना "श्वास रोखा" म्हणताना ती मनात क्लिओपात्राच्या खोलीत पलंग लावत होती. खिडकीपाशी नको, भिंतीशी. इतकी ओढ तिला कधी कुठल्या माणसाचीही लागली नव्हती.

शुक्रवारी हाज्जा इन्साफ आली. सोनेरी काठाच्या पेल्यांतून लाल सरबत आलं. रिफअतनं घसा साफ करून विचारलं, "आणि मुलगा? तो नाही आला?"

"कोण मुलगा? मला तीन मुलीच आहेत. मी हिला खोली भाड्यानं द्यायची की नाही ते बघायला आलेय."

रिफअत बहिणीकडे वळला.

"माझ्या घरात तुला जागा कमी पडली?"

"जागा नाही रे. दार," नजला म्हणाली. "मला आतून लावता येईल असं दार हवंय, रिफअत. खूप हवंय. रागावू नकोस."

"आणि लोक काय म्हणतील? भावानं हाकलली!"

हाज्जा उठलीच. "भावाच्या शब्दाशिवाय मी देणार नाही. आणि गल्लीचं म्हणाल तर ही छत्तीस वर्षांची आहे आणि एकटीला भीती वाटते. विश्वास ठेवायचा कुणावर?"

"मला विचारा," सुहेर म्हणाली.

सगळे वळले. सुहेर दारात उभी होती, हातात ट्रे.

"एकोणीस वर्षं राहिलेय मी हिच्याबरोबर. वय त्रेचाळीस. मीठ जास्त घालते. न्हाणीघरात गाते, बेसूर. खिडकी उघडी ठेवण्यावरून माझ्याशी रोज भांडते. पण माझी एक वाटी हिनं कधी न विचारता हलवली नाही. सासूबाई चार वर्षं अंथरुणात होत्या, त्यांचं सगळं हिनं केलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. एकटीनं राहायला भीत नाही ती. मी भिते."

हाज्जा खाली बसली. "या गल्लीत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं," ती म्हणाली आणि रिफअतकडे बघू लागली.

रिफअत सुटाची बटणं काढू लागला. मग म्हणाला, "पलंग मी आणून देईन. दिवाण नाही न्यायचा." आणि गच्चीत निघून गेला.

हाज्जा गेल्यावर दोघी स्वयंपाकघरात पेले धुवत होत्या. एकोणीस वर्षं नजलाला वाटायचं, वहिनीला आपली अडचण होते.

"वन्सं," सुहेर नळाकडे बघतच म्हणाली, "अशा जागेला दोन किल्ल्या असतात ना? एक मला देशील? मी येणार नाही. नुसती असू दे माझ्याजवळ."

नजलानं हातातला पेला खाली ठेवला. जे दार फक्त तिचं असणार होतं, त्याचीच किल्ली.

"देईन," ती म्हणाली. "पण येशील तेव्हा आधी दार वाजव."

"वाजवीन की," सुहेर म्हणाली. "आणि तू आतून विचार, कोण आहे म्हणून."