आठ पॉइंट सहा

मित्रांनो, किती वाजले ते मला विचारू नका. ते मला सांगता येत नाही. मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. धाव सुरू झाली आणि संपली, त्यामधला वेळ तेवढा मला कळतो. सध्या मी बदलापूरच्या शिरगावात, अंजनीबाईंच्या बिस्किटांच्या डब्यात, बटणं आणि सुयांच्या सोबतीला पडून आहे.

माझी पहिली नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात झाली. एक साहेब मला घेऊन कामगारांच्या मागे उभा राहायचा आणि कोणाचा हात किती सेकंदांत चालतो ते मोजायचा. माझी टिकटिक ऐकली की माणसं पाणी प्यायलाही उठत नसत. त्या कामाची मला आजही लाज वाटते. कारखाना बंद पडला त्या दिवशी साहेबाने मला रघु नावाच्या कामगाराच्या हातावर ठेवलं. "हे तुझ्याच मागे जास्त उभं राहिलंय," एवढंच तो म्हणाला.

रघुला तेव्हा वाचता येत नव्हतं. माझ्या तबकडीवरचे आकडे तो आधी शिकला, अक्षरं फार मागाहून.

गावच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत तो शेवटच्या रेषेवर बसून वेळ घेऊ लागला. त्याची एक शिस्त होती. पलीकडे झेंडा पडला की लोक ओरडतात. तो ओरडा ऐकून बटण दाबायचं नाही, कारण आवाज उशिरा पोचतो. डोळा झेंड्यावर ठेवायचा आणि जू रेषेवर आलं की थांबवायचं. लोक म्हणत, "रघुच्या अंगठ्याला सोयरीक नाय." एकदा त्याने सख्ख्या मेव्हण्याची जोडी दुसरी ठरवली. मेव्हणा दोन वर्षं घरी जेवायला आला नाही. मध्ये बरीच वर्षं शर्यती बंद होत्या, तेव्हाही रघु दर सोमवारी माझी काच पुसून मला चावी द्यायचा. शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि रेषेवरची खुर्ची पुन्हा त्याची झाली. म्हाताऱ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

ज्या माळावर पूर्वी बैल पळायचे, तो त्याच्या पुतण्याच्या, महेशच्या वाट्याला आला. तिथे आता इमारती उठत आहेत. राहायला अजून कोणी नाही, पण मधोमध सिमेंटचा सरळसोट रस्ता तयार आहे. मार्गशीर्षातल्या शर्यतीचा कारभारही महेशच बघतो. यंदा त्याने लाल स्पोर्ट्स कार घेतली. त्याच्या इमारतींना फरशा पुरवणाऱ्या, उल्हासनगरच्या दिपेशकडे पिवळी होती. जागेवरून सुटल्यावर कोणाची जास्त जोरात पळते, यावर दोघांचा रोज वाद.

"महेशभाई, कागद पे नहीं, रोड पे दिखाओ," दिपेश हसून म्हणाला.

"माझीत साडेचारशे घोडे आहेत, तुझीत साडेतीनशे. दाखवायचं काय त्यात?"

तरी ठरलं. रविवारी सकाळी, फाटक बंद करून, दोनशे मीटर, एकामागून एक. नियम बैलांचाच: प्रत्येकाला एकच फेरा. तो महेशनेच घातला. "आणि वेळ आमचे काका घेणार. मग कोणी तोंड उघडायचं नाय."

पाहुणा आधी, म्हणून पिवळी सुटली. सात पॉइंट नऊ.

मग लाल गाडीची पूजा झाली. वडीलधारा म्हणून नारळ रघुनेच फोडला. महेशने नारळाचं पाणी चारही चाकांवर ओतलं आणि बैलांच्या खुरांना फासतात तसा मूठ मूठ गुलाल त्या ओल्या चाकांना फासला.

"महेश, चाकं पुसून घे," रघु म्हणाला. "ओलं चाक धरत नाय."

"काका, देवाचं लावलेलं पुसतात का? आणि तुम्ही जन्मात सायकलच्या वर काय चालवलंय?"

सगळे हसले. रघु चालत रेषेवर आला.

झेंडा पडला. लाल गाडी डरकाळली, पण हलली नाही. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, गुलालाचा चिखल उडाला. मग चाकांनी जमीन धरली आणि ती सणसणत आली. पिवळीपेक्षा जोर तिच्यातच जास्त होता, हे मलाही कळलं. पण वेळ गेला होता. अंगठ्याने मला थांबवलं.

"किती?" महेशने उतरता उतरता विचारलं.

"आठ पॉइंट सहा."

"शक्य नाय. तुमचा अंगठा कापतो आता, काका. आणि हे घड्याळ भंगारात टाका." तो दिपेशकडे वळला. "काय रे? तुला काय वाटतं?"

जिंकलेला माणूस तोच होता. त्याचा एक शब्द पुरला असता. त्याने फरशा लागायच्या बाकी असलेल्या इमारतींकडे पाहिलं आणि म्हणाला, "सच बोलू काका? घड्याळातच लोचा आहे. गाडी महेशभाईचीच फास्ट."

"ऐकलंत? आणा ते शून्यावर."

"तुझ्या बापाच्या बैलांचा आकडा मी कधी पुसला नाय," रघु म्हणाला. "तुझाही नाय पुसणार."

मार्गशीर्षात महेशचा निरोप आला: काकांना आता नीट दिसत नाही, यंदा वेळ मोबाईलवर घेऊ. तरी रघु धुतलेली टोपी घालून गेला. खुर्चीवर दुसराच बसला होता. झेंड्याकडे न बघता, लोक ओरडले की तो मोबाईलला बोट लावत होता. रघुने एक फेरा पाहिला आणि घरी येऊन मला डब्यात टाकलं.

"अहो, आज सोमवार. चावी नाही दिली?" त्याच्या बायकोने, अंजनीबाईंनी विचारलं.

"देऊन सांगायचं कोणाला?"

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना तेलपाणी करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो: आमचा आकडा आवडला नाही म्हणून आम्हाला खोटं पाडू नका, आणि तो आकडा धरून बसलेल्या माणसाला एकटं सोडू नका. गंज मी सोसला असता.

माझी चावी आता उतरली आहे. काटा अजून आठ पॉइंट सहावरच आहे. त्याला शून्यावर न्यायला एक अंगठा पुरे. रघु अधूनमधून डबा उघडतो, बघतो आणि झाकण लावतो.