पन्हळी दाराचा ट्रक

सयाजी लोहारानं छिन्नी दाराला नुसती टेकवली, तर ती आरपार गेली. घण उचलायचीसुद्धा गरज पडली नाही.

"कोंडाजी, दार न्हाई ह्ये. चाळण हाय, चाळण."

कोंडाजीनं त्या भोकातून आरपार बघितलं. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेला हा ट्रक त्यानं मोठ्या हौसेनं निघोज्यात आणला होता. गावात बैलगाड्या शंभर, पण मोटारवाला एकटा कोंडाजी. इंजिन वाघासारखं गुरगुरायचं, पण बाकी सगळा गंज. पहिल्याच खेपेला मळ्यातला बटाटा भरून तो चाकणच्या बाजाराला निघाला आणि तळाच्या पत्र्यातून बटाटे गळायला लागले. मागनं बाया ओटी भरभरून वेचत निघाल्या. चाकण आलं तेव्हा निम्मा माल वाटंवरच बायांच्या ओटीत गेला होता. तेव्हापासून आमच्या गावात कुणाच्या हातून काही सांडलं, की लोक म्हणायचे, "कोंडाजीचा ट्रक झाला की रं तुझा."

आता नवा बटाटा काढून रानात पडला होता. फाल्गुनाचं ऊन. आणखी थोडं थांबलं तर त्याची भाजीच व्हायची.

"ठिगळ मार की," कोंडाजी म्हणाला.

"कशाला मारू? गंजाला गंज शिवत न्हाईत. चांगला पत्रा आन."

कोंडाजीनं इकडंतिकडं बघितलं. नजर फिरत फिरत गोठ्यावर गेली. वर पन्हळी पत्रा, नवाकोरा, उन्हात नुसता चमकत होता. त्याच्या बायकोनं, मंजुळाबाईनं, शेणी थापून, दूध विकून तो म्हशीसाठी घातला होता.

सयाजीनं मान हलवली. "मंजुळावैनी जित्ती ठिवायची न्हाई."

"ती रावेतला माहेरी हाय, भाच्याच्या बारशाला. आन् घराचा धनी कोन हाय?"

"तू धनी म्हनतूस, तर मग आमचं काय जातंय!"

पत्रे उतरले. वीट आणि रॉकेल घेऊन कोंडाजी गंज खरवडत बसला, सयाजी कुजका भाग कापत गेला. पत्र्याच्या पन्हळी ऐरणीवर ठोकून ठोकून त्यानं सपाट करायला घेतल्या. सारी आळी कानांत बोटं घालून बसली. तळ, मडगार्ड, दोन्ही दारं, सगळ्यांना रिबिटा बसल्या. पण लोहार पडला बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारा. पातळ पत्रा त्याच्या हाताला ऐकंना. दारांवर सऱ्या राहिल्याच, नांगरल्या रानागत. वरून बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळ फासला. लालभडक ट्रक बघून कोंडाजीची छाती फुगली. त्यानं नारळ फोडला.

खोबरं वाटून होतंय तोवर मंजुळाबाई माहेरच्या बैलगाडीतून उतरली.

तिनं गोठ्याकडं बघितलं. चार भिंती, वर आभाळ. म्हैस धापा टाकीत होती. मग मंजुळाबाई ट्रकजवळ गेली आणि तिनं दारावरच्या सरीवरून बोट फिरवलं.

"पत्रा वळखीचा वाटतुया."

कोंडाजीच्या तोंडातलं खोबरं तोंडातच राहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मुकाट म्हैस सोडली, बांधावरनं ट्रकात चढवली आणि ताडपत्रीच्या सावलीत बांधून टाकली.

"अगं, सकाळी बटाटा भरायचाय!"

"भरा की. म्हशीला इचारा आन् भरा."

सकाळी म्हातारे सोपानराव मधे पडले. भावकीतला वडीलधारा माणूस, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

"मंजुळे, जनावर मोटारीत शोभतं व्हय?"

"आन् माणसानं गोठा उघडा केलेला शोभतो का, मामंजी?"

सोपानरावांनी मिशीवरनं हात फिरवला. शेवटी म्हणाले, "कोंड्या, पोती म्हशीच्या कडंनं लाव. दुसरं काय सुचंना बाबा."

तसंच निघाले. पुढं कोंडाजी, मागं पोती, पोत्यांत म्हैस आणि म्हशीजवळ मंजुळाबाई, मांडीवर चरवी घेऊन. भांडणात धार काढायची राहिली होती.

चाकणच्या बाजारात ट्रक थांबला तशी म्हैस हंबरायला लागली. मंजुळाबाईनं तिथंच धार काढायला बैठक मारली. पिंपरीकडं नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या मजुरांच्या भटारखान्याचा मुकादम, उद्धवराव, बटाटा घ्यायला आला होता. त्यानं एक पोतं हुंगलं आणि नाक धरलं. वाटंत म्हशीनं आपलं काम सगळ्या पोत्यांवर उरकलं होतं.

"हा बटाटा आमी खायचा का सारवायला न्यायचा?"

माणसं खदखदली. कोंडाजीला धरणी दुभंगावी असं झालं. पण मुकादम हलला नाही. चरवीत फेस चढत होता, तिकडंच त्याची नजर.

"आमचा गवळी पाण्यात दूध घालतो," तो म्हणाला. "डोळ्यांदेखत पिळलेलं किती दिसांनी बघतोय. रोज आणाल का?"

"आनू की!" कोंडाजी पुढं झाला.

"तुमाला न्हाई, मालक. बाईंना इचारतोय."

मंजुळाबाईनं पदर सारखा केला. "आळीतल्या बायांचंबी घ्यायचं असंल तर आनीन."

मुकादम हो म्हणाला. बटाटा मात्र कुणीतरी दया येऊन मातीमोल भावानं नेला.

गोठ्यावर कोंडाजीनंच उसाचं पाचट घातलं; मंजुळाबाई खाली उभी राहून कुठं फट राहिली ते दाखवत होती. म्हैस गोठ्यात आली, पण ट्रक काही मोकळा झाला नाही. रोज पहाटे आळीतल्या बाया दुधाच्या किटल्या घेऊन उभ्या राहायच्या, आणि कोंडाजी त्या पिंपरीला पोचवायचा. आत कुठल्या किटलीला कुठली जागा, हे मंजुळाबाई ठरवायची.

पुढच्या पिकाचा बटाटा निघाला, तेव्हा कोंडाजी ट्रकापाशी आला. जरा घुटमळला.

"चार पोती न्यायची हुती चाकणला."

मंजुळाबाई किटल्यांची झाकणं दाबून बघत होती. तिनं मान वर केली नाही.

"आज जागा न्हाई. सोपानमामंजींची बैलगाडी चाललीया, त्यांना इचारून बघा."

कोंडाजीनं एक पोतं पाठीवर घेतलं आणि तो सोपानरावांच्या दाराकडं चालू लागला.