उजवीकडचा खालचा चौकोन

सोमवारी सकाळी इंग्लंडात फायली गावाच्या किनाऱ्यावर पाऊस लागला, तेव्हा कॅरॅव्हनच्या, म्हणजे सुट्टीच्या चाकांवरच्या घरांच्या, तळावरचे सगळे त्याच्या नावाने बोटं मोडत होते. एकटी बेव्हर्ली ओल्डरॉइड तेवढी खूश होती. असा पाऊस असला की नवरा "चल, समुद्रावर एक चक्कर टाकू" म्हणणार नाही. शेजारच्या कॅरॅव्हनमधली बाई पत्ते घेऊन येणार नाही. वर्षभर बस चालवून मिळालेली आठवड्याची रजा, पायावर घोंगडी, हाताशी चहा आणि उशाशी विटांसारखे जाड तीन खंड! आणखी काय हवं माणसाला?

खंड नीलने, म्हणजे नवऱ्यानेच, वाढदिवसाला दिले होते. बिचाऱ्याला आत काय आहे ते धड माहीत नव्हतं. लग्नापासून बायको कोण्या नोरा ब्रॅकबद्दल बोलत आलीय, आणि दुकानात त्या नोराचं चित्र असलेली पुस्तकं दिसली, एवढंच. पेटी उघडल्यावर बायको मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली, तेव्हा तो पावती शोधायला धावला होता.

नोरा ब्रॅक ही 'क्लॅक्सन' नावाच्या, मुलांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकातली बाई. अंतराळात बंद पडलेली यानं टोचन करून आणणं हा तिचा धंदा. स्वतःचं यान म्हणजे नुसतं भंगार, जोडीला एक बोलणारी, महाखवचट किटली, आणि मागे हात धुऊन लागलेला शनीवरचा तीन डोळ्यांचा निरीक्षक. दर शनिवारी पाच पानं. बेव्हर्ली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. किथलीच्या त्या अरुंद घरात जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ती ती पाच पानं अशी पुरवून पुरवून वाचायची, की आई ओरडायची, "अगं, पाठ करतेस की काय?"

आता सगळे भाग या तीन खंडांत एकत्र छापलेले, पुरवून वाचायची गरज नव्हती. पाच पानं संपली की पुढची पाच तयार! सोमवारी दुपारपर्यंत नोराने गुरूचे चार चंद्र पार केले, निरीक्षकाला दोनदा गंडवलं आणि किटलीशी भांडून अबोला धरला. बेव्हर्ली म्हणायची, "एवढा एक भाग वाचते नि अंडी उकडायला ठेवते." तो भाग संपायचा, नोरा कड्यावरून लटकायची, आणि अशा बाईला लटकत ठेवून अंडी कोण उकडणार? शेवटी नीलनेच उकडली.

"प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेच तेच का छापलंय?" त्याने तिच्या खांद्यावरून डोकावत विचारलं. "नोरा ब्रॅक, अंतराळातली सर्वांत हट्टी बाई. हे चार वेळा आलं."

"अरे, दर आठवड्याला नवं पोर वाचायला लागायचं ना! त्याला सांगायला नको?"

"आणि आता?"

"आता मी वाचते. मला चारशे वेळा आलं तरी चालेल. तू हो बाजूला, उजेड अडतोय."

एवढ्यात तिने पान उलटलं आणि अशी किंचाळली, की नीलच्या हातून मिठाची डबी सुटली.

"काय झालं? भाजलं?"

"चौकोन! नील, हा चौकोन मी जन्मात पाहिला नव्हता!"

ही भानगड अशी. घरात क्लॅक्सनचा अंक एकच यायचा, आणि तो यायचा क्लाइव्हच्या नावाने. क्लाइव्ह तिचा थोरला भाऊ. आधी तो वाचणार, मग ती, हा घरचा कायदा. पुढे पुढे अंकाच्या शेवटच्या पानावर खाली एक कूपन यायला लागलं. तुमच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहा, कापा आणि पाठवा. ज्या गोष्टीला मतं कमी, तिचा गाशा गुंडाळला जायचा. म्हणून देशभरातली पोरं दर शनिवारी इमानाने कात्री चालवायची. आणि संपादकांची अक्कल अशी, की त्या कूपनच्या बरोबर पाठीमागे यायचा नोराच्या गोष्टीतला उजवीकडचा, खालचा, शेवटचा चौकोन. सगळी मजा त्यातच असायची! दार उघडतं नि आत कोण, दोरी तुटते नि पुढे काय, ते सगळं त्या चौकोनात. आणि बेव्हर्लीच्या हाती अंक यायचा तो भोक पडलेला. भोकातून जिन्याचा गालिचा दिसायचा.

पुढच्या शनिवारी 'मागच्या भागात' वाचून काय घडलं ते कळायचं, पण सात दिवस काढायचे कसे? मग ती स्वतःच त्या भोकात चित्रं भरायची, मनातल्या मनात. आणि आता एकेक खरा चौकोन समोर येत होता. काही तिच्या चित्रांहून सरस होते. काही अगदीच मिळमिळीत होते, आणि त्यांचा तर तिला जास्तच आनंद झाला.

"बघ हे! दाराआड म्हणे नुसता दुसरा निरीक्षक! मी सात तोंडांची गोगलगाय घातली होती."

"तुझी गोगलगाय बरी होती," नील म्हणाला. बऱ्याच वर्षांचा संसार, कुठे काय बोलावं ते माणसाला कळायला लागतं.

मंगळवारी दुसरा खंड झाला. बुधवारी तिसरा अर्धा झाला आणि बेव्हर्लीचा वेग मंदावला. ती पान उलटण्याआधी चहा करायला उठू लागली. खिडकी पुसली. नीलचे मोजे वाळत घातले. नीलने ओळखलं.

"शेवट जवळ आला वाटतं?"

"हं."

"मग वाच की!"

"मेली असली तर?"

हा प्रश्न ती बोलून दाखवत होती, हेच मुळात पहिल्यांदा. क्लॅक्सनच्या शेवटच्या अंकात नोराच्या यानाला दोराने बांधलेलं असतं एक मेलेलं यान, त्यात खाणमजुरांची साठ पोरं, आणि दोन्ही यानं सूर्याकडे ओढली जात असतात. दोर तोडला तर नोरा वाचते, नाही तोडला तर सगळेच जातात. नोरा कुऱ्हाड उचलते. आणि पुढे भोक. त्यानंतर क्लॅक्सन बंदच पडलं, म्हणजे पुढचा शनिवारही नाही. दहा वर्षांच्या बेव्हर्लीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, नोरा वाचली, पोरंही वाचली. कशी, तेही ठरवलं. पुढे डेपोत पहिल्यांदा बस घेतली आणि पुरुष ड्रायव्हर दात काढत बघत उभे राहिले, तेव्हा ती मनाशी म्हणाली, नोरा सूर्यातून बाहेर आली, मला काय हे वळण जमत नाही? पहिला नवरा निघून गेला तेव्हाही तेच. एवढा सगळा भार त्या एका कधी न पाहिलेल्या चौकोनावर. क्लाइव्हला शेवट माहीत होता. "छान झाला शेवट," एवढंच तो तेव्हा म्हणाला होता, आणि ती लगेच कानात बोटं घालून ओरडली होती, "एक शब्द बोललास तर बघ! मी स्वतः बघणार!" ती शपथ तिने आजवर पाळली. जुन्या बाजारात तो अंक कधी मिळाला नाही, आणि दुसरीकडून कुठून ऐकायचं नाही म्हणजे नाही.

तो क्लाइव्हच दुपारी उगवला. तो जवळच स्कारबरोला राहायचा. हातात मासे नि चिप्सचं गरम पुडकं, अंगावर निथळता रेनकोट, आणि दारातच, "काय बये, डोळे शाबूत आहेत का?"

"आलास, भोकपाड्या? बस. पाय पूस आधी."

"अजून भोकपाड्याच?"

"मरेपर्यंत. मला सांग, दर आठवड्याला तू मत कुणाला द्यायचास? नोराला ना?"

"छे! कुस्ती खेळणाऱ्या रोबोंना. पहिलं, दुसरं, तिसरं, तिन्ही मतं त्यांनाच."

"मेल्या! त्या डबड्यांसाठी माझे चौकोन कापलेस?"

क्लाइव्ह हसला. मग टेबलावर उघडा तिसरा खंड त्याला दिसला आणि हसणं एकदम विरलं. "संपला?"

"एक पान राहिलंय."

"राहू दे ना मग," तो घाईघाईने म्हणाला. "आधी खाऊन घे. गार होईल. आणि राहिलं तर राहिलं एक पान, बेव्ह, एवढं काय त्यात?"

बेव्हर्लीने पुडकं बाजूला सारलं. क्लाइव्ह असा चाचरतोय, म्हणजे नोरा गेली. तिने भावाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एका झटक्यात पान उलटलं.

नोरा कुऱ्हाड उचलते. आणि उजवीकडे खाली चित्रच नव्हतं. एक चौकट होती, तिला चांदण्यांची वेलबुट्टी आणि आत ठळक अक्षरं: 'वाचक दोस्तांनो, आनंदाची बातमी! पुढच्या आठवड्यापासून तुमचं लाडकं क्लॅक्सन आणि फुटबॉलचं साप्ताहिक टचलाइन एकत्र!' खाली चालू राहणाऱ्या गोष्टींची नावं. कुस्तीवाले रोबो होते. नोरा नव्हती.

आनंदाची बातमी! त्या काळातल्या कुठल्याही पोराला विचारा, साप्ताहिकात हे दोन शब्द दिसले की समजायचं, कुणीतरी गेलं.

"शेवटच नव्हता," बेव्हर्ली म्हणाली. मग थांबली. तिच्या कपाळावर हळूहळू आठी पडली. "क्लाइव्ह, साप्ताहिक बंद पडत होतं. मग त्या अंकात कूपन कसं असेल? बंद पडणाऱ्याला मतं कशाला?"

क्लाइव्ह चिप्सच्या कागदाचा कोपरा दुमडत बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"नव्हतंच कूपन."

"मग कापलंस कशाला?"

"त्याच आठवड्यात आपला मफिन मोटारीखाली गेला होता," तो म्हणाला. "तू त्याचं ताट समोर घेऊन जिन्यावर बसायचीस. जेवत नव्हतीस. त्यात हे आलं. म्हटलं, कुत्रा गेला, आता नोरा पण अशी अर्ध्यातच सोडून गेली तर काय करेल ही पोरगी? मग घेतली कात्री. म्हटलं, एक तरी गोष्ट हिच्यासाठी नीट संपू दे."

कॅरॅव्हनच्या छतावर पाऊस वाजत होता. नीलने हातातला काटा खाली ठेवला. आणि बेव्हर्लीला हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी आलं, टेबल हललं, व्हिनेगरची बाटली आडवी झाली.

"भोकपाड्या! अरे गधड्या!" तिने त्याच्या ओल्या डोक्यावर टपली मारली आणि मग तेच डोकं दोन्ही हातांनी ओढून त्याच्या कपाळाचा मुका घेतला. "आणि मी तुला जन्मभर शिव्या घातल्या!"

"घाल की. सवय झालीय." क्लाइव्हने बाहीने डोळे पुसले. "पण वाईट वाटायचं गं कधीकधी."

"माझ्या शिव्यांचं?"

"नाही, नोराचं. तू म्हणायचीस ती वाचली, आणि मी मान डोलवायचो. पण मला माहीत होतं ना, तिथे काहीच नाही म्हणून. ती कुऱ्हाड उचलते नि संपलं. मला सारखं वाटायचं, ती दोर तोडणारी बाई नाही. म्हणजे गेलीच असणार, पोरांसकट. अजूनही कधी गाडी चालवताना मनात येतं."

बेव्हर्लीचं हसणं थांबलं. समोर पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस बसला होता, आणि त्याच्या मनात ते यान इतकी वर्षं सूर्यात कोसळतच होतं. तिला वाचवायला त्याने शेवट कापून नेला आणि स्वतः त्या भोकाशी एकटा बसून राहिला.

"मला विचारलं का नाहीस कधी?"

"तूच म्हणालीस, एक शब्द बोलायचा नाही."

"गेली म्हणे!" ती म्हणाली. "अरे, नोरा कशाला मरतेय? सरक इकडे. नील, तूही ये. दोर कोण तोडतंय? तिने कुऱ्हाड घातली ती स्वतःच्या मालखोलीच्या खिळ्यांवर. अर्धं यान सोडून दिलं! वजन कमी झालं की नाही?"

"झालं," क्लाइव्ह पुढे सरकून म्हणाला.

"मग तिने सूर्याकडेच तोंड केलं आणि जोर लावला. थांबायचं नाहीच म्हटल्यावर वळसा घ्यायचा, एवढं साधं. रंग उडाला, काचा तडकल्या, पण दोर धरून राहिला, आणि दोन्ही यानं पलीकडून बाहेर."

"आणि पोरं?"

"साठच्या साठ. खिडकीला नाकं लावून."

क्लाइव्हने मोठा श्वास सोडला. "कुठे उतरली गं ती?" त्याने विचारलं, आणि बेव्हर्ली सांगत गेली.